गतीची दिशा ओळखणारे भास्कराचार्य

चाळीसगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला रेल्वेचे जंक्शन आठवते. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावरचे हे स्टेशन. इथूनच एक फाटा धुळ्याला जातो. कलेची आवड असलेल्यांना केकी मूस आठवतील. पण गावाच्या दक्षिणेला, सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटण नावाची एक जागा आहे. खानदेशातली कुटुंबे नवरात्रात आणि एरवीही सुटीच्या दिवशी डबे बांधून पाटणादेवीच्या दर्शनाला जातात. आजूबाजूला गौताळ्याचे अभयारण्य, वर डोंगरात पितळखोऱ्याची लेणी. देवीला नारळ वाढवून, झाडाखाली भाकरी-ठेचा खाऊन मंडळी परततात. या पाटणला एक शिलालेख सापडला आणि त्यात सगळ्या भारताला ठाऊक असलेल्या एका गणितज्ञाची वंशावळ कोरलेली आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते. तो गणितज्ञ म्हणजे भास्कराचार्य. ‘लीलावती’चे कर्ते भास्कराचार्य.

त्यांच्याविषयी लिहायचे तर विषय पुष्कळ आहेत. मी आज एकच धागा धरणार आहे. तो आहे गतीचा.

नववीच्या विज्ञानात ‘चाल’ आणि ‘वेग’ असे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. एकक काळात कापलेले अंतर म्हणजे चाल. एकक काळात ठरावीक दिशेने झालेले विस्थापन म्हणजे वेग. मुले व्याख्या पाठ करतात, परीक्षेत उतरवतात, गुण मिळवतात. पण दोन शब्द कशासाठी हवेत, एकाने भागले नसते का, हा प्रश्न मनात तसाच राहतो. यात मुलांचा काही दोष नाही. आपली रोजची भाषाच हा फरक करीत नाही. गाडी फार वेगात होती असे आपण म्हणतो तेव्हा ती कुठल्या दिशेला निघाली होती, हे कोणी विचारीत नाही. चाल म्हणाल तर ती गाण्याचीही असते आणि बुद्धिबळातलीही.

आपल्या स्टेशनावरचेच उदाहरण घेऊ. चाळीसगावहून धुळे सुमारे ५६ किलोमीटर. समजा गाडीला जायला एक तास वीस मिनिटे लागली आणि यायलाही तेवढीच. दोन तास चाळीस मिनिटांत ११२ किलोमीटर धाव झाली. म्हणजे सरासरी चाल ताशी ४२ किलोमीटर. आणि सरासरी वेग? तो शून्य. कारण गाडी जिथून निघाली तिथेच येऊन उभी राहिली. डिझेल जळले किंवा वीज खर्च झाली, तिकिटे फाटली, चहावाल्यांचा धंदा झाला, पण विस्थापन काहीच झाले नाही. आता दुसरे उदाहरण. ताशी ६० किलोमीटर चालीच्या दोन गाड्या एकाच वेळी चाळीसगावहून सुटल्या, एक मनमाडकडे आणि एक जळगावकडे. दोघींची चाल अगदी सारखी. पण रूळ सरळ धरले तर तासाभराने त्या एकमेकींपासून १२० किलोमीटर दूर असतील. एकीचा वेग अधिक धरला तर दुसरीचा उणे धरावा लागेल. आणि कन्नडचा घाट चढणारी एसटी ताशी वीसचा काटा न हलवता वळणामागून वळण घेत असली तरी प्रत्येक वळणावर तिचा वेग बदलतो, कारण दिशा बदलते.

हे सगळे पुस्तकी वाटते ते अशासाठी, की रस्त्यावरच्या माणसाचे दिशेवाचून सहसा अडत नाही. रस्ता समोर असतो, गाडीवर पाटी असते. ज्याचे अडते असा एक माणूस जुन्या काळी होता. तो म्हणजे ग्रहांचे गणित करणारा ज्योतिषी. आकाशात रस्ता आखलेला नसतो. ग्रह कधी पुढे जातो, कधी थबकतो, कधी चक्क मागे फिरतो. उद्या तो कुठे असेल हे सांगायचे तर तो किती सरकतो एवढे कळून भागत नाही. कुठे सरकतो तेही कळावे लागते. भास्कराचार्यांचे आयुष्य या हिशोबात गेले.

स्वतःविषयी त्यांनी फार थोडे लिहिले, पण जे लिहिले ते एखाद्या काटेकोर हिशोबनिसासारखे. जन्म शके १०३६ म्हणजे इसवी सन १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ पुरा केला. गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर; तेच गुरूही. गाव सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड. घराणे पिढ्यान् पिढ्या विद्येचे. पाटणच्या शिलालेखात त्रिविक्रमापासून ही परंपरा दिली आहे. त्यातल्या एका पूर्वजाला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिल्याचा उल्लेख आहे. ज्या घरात धान्याच्या कणग्यांइतक्याच पोथ्या असाव्यात, अशा घरातला हा मुलगा.

‘सिद्धान्तशिरोमणी’चे चार भाग. ‘लीलावती’ अंकगणिताची आणि क्षेत्रफळांची, ‘बीजगणित’ अज्ञात राशींचे, ‘ग्रहगणित’ ग्रहांच्या स्थानांचे आणि ‘गोलाध्याय’ आकाशाच्या गोलाचे. लीलावती ही आचार्यांची मुलगी, तिच्या लग्नघटकेच्या वेळी घटिकापात्रात मोती अडकला आणि मुहूर्त टळला, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्यात ती कथा येते. म्हणजे आचार्यांनंतर चारशे वर्षांनी. ती गोड आहे, पण तिला चरित्र म्हणता येणार नाही. खरे चरित्र त्यांच्या उदाहरणांत आहे.

त्यातले एक उदाहरण मला फार आवडते. एका त्रिकोणाच्या दोन बाजू १० आणि १७, पाया ९. वरच्या टोकातून पायावर लंब टाकला तर पायाचे दोन तुकडे किती लांबीचे होतील? रीतसर गणित केले तर एक तुकडा १५ येतो आणि दुसरा उणे ६. पाया सगळा मिळून ९, आणि त्याचा एक तुकडा १५! आणि उणे लांबी म्हणजे काय? एखाद्या सामान्य शिक्षकाने हे उत्तर चूक म्हणून खोडले असते. भास्कराचार्यांनी ते ठेवले आणि त्याचा अर्थ सांगितला, की ऋण आलेला तुकडा विरुद्ध दिशेला घ्यायचा. कागदावर आकृती काढून पाहा. लंब पायावर पडतच नाही. पाया वाढवला तर त्याच्या बाहेर, सहा अंतरावर पडतो. लंबाची लांबी बरोबर ८ येते.

मी आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेच्या खातेवहीत काढली. उणे चिन्हाशी माझी ओळख जमा आणि नावे या बाजूंनी झालेली. आपल्या जुन्या गणितात धन आणि ऋण हेच शब्द आहेत; एक मालमत्तेचा, एक कर्जाचा. खातेदाराची शिल्लक उणे झाली म्हणजे पैसे नाहीसे झाले असे नव्हे. देणेकरी आणि घेणेकरी यांची बाजू पालटली. आकडा तोच, पण पैसा कोणाकडून कोणाकडे जायचा हे उलटले. त्यामुळे ‘लीलावती’तला तो त्रिकोण मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला गणितापेक्षाही त्यामागची समज भावली. ऋण म्हणजे कमी नव्हे, ऋण म्हणजे उलट. ज्याला हे उमगले त्याला चाल आणि वेग यांतला फरक उमगायला एकच पायरी उरते.

ती पायरी ‘ग्रहगणिता’त आहे. मंगळ रोज सरासरी ३१ कला २६ विकला पूर्वेकडे सरकतो. (साठ विकलांची कला, साठ कलांचा अंश.) ही त्याची मध्यम गती. पण प्रत्यक्ष आकाशात तो साधारण सव्वादोन वर्षांतून एकदा हळू होतो, थांबल्यासारखा दिसतो, मग काही आठवडे पश्चिमेकडे चालू लागतो. हाच वक्री मंगळ. आज आपल्याला याचे कारण माहीत आहे. पृथ्वीही सूर्याभोवती फिरते, आतल्या कक्षेत असल्याने ती जलद आहे, आणि मंगळाला मागे टाकून पुढे जाताना तो मागे सरकल्यासारखा भासतो. शेजारच्या रुळावरची मालगाडी तिच्याच दिशेने जात असताना आपल्या एक्स्प्रेसच्या खिडकीतून मागे जाताना दिसते, तसेच. भास्कराचार्यांच्या गणितात पृथ्वी मध्यभागी स्थिर होती आणि ग्रह वर्तुळांवर फिरत होते. तरीही वक्री गतीचा त्यांचा हिशोब पक्का होता.

हिशोब असा. ग्रहाची स्पष्ट गती काढताना शेवटी एका राशीतून दुसरी वजा करायची असते. एरवी दुसरी लहान असते आणि बाकी राहते ती ग्रहाची पुढची गती. पण काही दिवस दुसरी राशी मोठी होते. मग वजाबाकी उलटी करावी लागते. अशी उलटी वजाबाकी झाली की येणारी गती वक्री समजावी, असा त्यांचा नियम. म्हणजे गतीच्या आकड्याला त्यांनी दिशा जोडली. ग्रह मागे का वळला यासाठी वेगळे प्रकरण लिहावे लागले नाही. एकच रीत पुढची गतीही सांगते आणि मागचीही. मधे जिथे दोन्ही राशी सारख्या होतात तिथे गती शून्य, म्हणजे ग्रह स्तंभी. वक्रीची सुरुवात कधी हेही त्यांनी अंशांत दिले आहे. सूर्याच्या संदर्भात मोजलेला मंगळाचा कोन १६३ अंश झाला की तो वक्री होतो आणि ३६० मधून तेवढेच वजा करून आलेल्या १९७ अंशांवर मार्गी होतो. याच्या बरोबर मध्ये १८० अंश. म्हणजे मंगळ सूर्याच्या समोर, रात्रभर आकाशात असतो तेव्हाच तो मागे चालतो.

आजच्या पुस्तकातला वेग याहून व्यापक आहे. रस्ता मोकळ्या मैदानात असेल तर दिशा सांगायला अधिक-उणे पुरत नाही, कोन लागतो. भास्कराचार्य क्रांतिवृत्तावरच्या भोगाचा हिशोब करीत होते, आणि एकाच वाटेवरच्या प्रवाशाला पुढे आणि मागे एवढ्या दोनच दिशा असतात. तेवढ्यापुरती त्यांनी दिशा आकड्यात बांधली होती.

दुसरी गोष्ट क्षणाची. गाडीची सरासरी चाल ताशी ४२ निघाली म्हणून ती प्रत्येक क्षणी ४२नेच धावत नव्हती. स्टेशनात ती उभी होती, मोकळ्या माळावर सत्तरने पळत होती. या क्षणी काटा कितीवर आहे, हा प्रश्न वेगळा. चंद्राच्या बाबतीत हा प्रश्न भास्कराचार्यांना टाळता येईना. चंद्राची मध्यम गती दिवसाला ७९० कला ३५ विकला, म्हणजे १३ अंशांहून थोडी जास्त. पण प्रत्यक्षात तो कधी दिवसाला १२ अंशांहूनही कमी चालतो, कधी १५ अंशांच्या घरात जातो. आणि आपली तिथी या चंद्रावर अवलंबून. चंद्र सूर्यापुढे १२ अंश गेला की एक तिथी संपते. सूर्य दिवसाला साधारण एक अंश सरकतो. चंद्र १२ अंशांनी चालला तर दिवसाला ११ अंशांची आघाडी मिळते आणि तिथीला सव्वीस तास लागतात. तो १५ अंशांनी चालला तर साडेवीस तासांतच तिथी आटोपते. कॅलेंडरमध्ये एखादी तिथी गळते, एखादी दोन सूर्योदयांना सापडते, ती यामुळे.

मग तिथीचा शेवट नेमका केव्हा, हे कोणत्या गतीने काढायचे? भास्कराचार्यांनी इथे दोन गती वेगळ्या केल्या. आजच्या आणि उद्याच्या स्थानांतले अंतर ही दिवसभराची गती, ती स्थूल. आणि या घटकेची गती ती तात्कालिक, ती सूक्ष्म. तिथीचा शेवट जवळ असेल तर चंद्राला तात्कालिक गतीनेच पुढे न्यावे, तो दूर असेल तर स्थूल गती वापरावी, कारण चंद्राची गती मोठी असल्याने क्षणोक्षणी सारखी राहत नाही, असे त्यांचे सांगणे. यातला दुसरा अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपले सूक्ष्म हत्यार कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते. या क्षणाच्या चालीवरून दहा तासांनंतरचा मुक्काम सांगायला गेलो तर फसू, हे ज्याला कळते तोच खरा हिशोबी.

ही तात्कालिक गती काढण्याची रीत त्यांनी ज्या आणि कोटिज्या यांच्या आधारे दिली. ९३२ सालच्या मुंजालाच्या ‘लघुमानसा’त तिचे बीज आहे, भास्कराचार्यांनी तिला युक्तिवाद जोडला आणि पुढचे पाऊल टाकले. मध्यम स्थान आणि स्पष्ट स्थान यांतला फरक जिथे सर्वांत जास्त, तिथे त्या फरकाची वाढ शून्य असते आणि म्हणून तिथे ग्रहाची स्पष्ट गती मध्यम गतीइतकीच असते, हे त्यांनी सांगितले. झोक्याचे उदाहरण घ्या. झोका सर्वांत लांब जातो त्या टोकाला तो क्षणभर थांबतो आणि मग दिशा बदलतो. जिथे अंतर सर्वांत मोठे, तिथे वेग शून्य. पुढे सतराव्या शतकात युरोपात न्यूटन आणि लायब्निझ यांनी जे कलनगणित उभे केले, त्याच्या पायाशी हीच कल्पना आहे. यावरून कलनशास्त्र आमच्याकडेच निघाले अशी आरोळी ठोकायचे कारण नाही. भास्कराचार्यांनी ग्रहांचा प्रश्न सोडवण्यापुरती ही रीत वापरली, तिचे सर्वसाधारण शास्त्र उभारले नाही. पण प्रश्न त्यांनी अचूक ओळखला होता. एवढ्याचाही अभिमान पुरेसा आहे.

अभिमानाचा विषय निघालाच आहे तर गावाचेही बोलू. विज्जडविड म्हणजे नेमके कोणते गाव, यावर विजापूर, बीड आणि आपले पाटण असे दावे आहेत. पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. तो भास्कराचार्यांनंतरच्या दुसऱ्या पिढीचा आहे. आचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर. त्यांची विद्वत्ता पाहून यादव राजा जैत्रपालाने त्यांना या नगरातून नेऊन विद्वानांत अग्रस्थान दिले, असे लेख सांगतो. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव, सिंघण यादवाचे ज्योतिषी. शिवाय चाळीसगाव तालुक्यातच बहाळला १२२२ सालचा एक लेख आहे, तो आचार्यांच्या भावाचा नातू अनंतदेव याचा. तेव्हा घराणे इकडचे, याला पुरावा भक्कम आहे; आचार्यांचा जन्म इथलाच, हे अनुमान आहे. चांगले अनुमान आहे, पण अनुमान. आकडे जुळेपर्यंत दिवस बंद न करणाऱ्या माझ्यासारख्याने या दोन नोंदी एकाच खात्यात टाकू नयेत.

आणि मला तर जन्मापेक्षा त्या लेखातली दुसरी नोंद मोठी वाटते. चांगदेवांनी आजोबांच्या ग्रंथांचे, प्रामुख्याने ‘सिद्धान्तशिरोमणी’चे अध्यापन व्हावे म्हणून पाटणला मठ काढला. निकुंभ वंशातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. शके ११२८, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा दिवस. अभ्यासक इसवी सन १२०७ धरतात. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी देणग्यांचा तपशील येतो तिथे भाषा मराठी होते. साहजिकच आहे. आजोबांची कीर्ती संस्कृतात शोभते, पण बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर किती द्यायचे, घाण्याच्या तेलातले किती द्यायचे, हे व्यापाऱ्याला आणि तेल्याला कळायला हवे. एकरकमी देणगी संपून जाते. रोजच्या उलाढालीतला वाटा चालू राहतो. विद्येच्या तरतुदीचा हा व्यवहार आजच्या कुठल्याही विश्वस्ताने पाहावा असा आहे. चंद्राची क्षणाक्षणाची गती शिकवणाऱ्या शाळेचा दिवा खानदेशातल्या तेल्याच्या तेलावर जळत होता.

तो मठ राहिला नाही. पण ग्रंथ राहिले, कारण ते शिकवले गेले, उतरवले गेले, त्यांच्यावर टीका लिहिल्या गेल्या. स्वतः आचार्यही थांबले नव्हते. शके ११०५ मध्ये, म्हणजे ११८३ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. पंचांगकर्त्यांना हिशोब सोपा जावा म्हणून लिहिलेला हा ग्रंथ. छत्तिसाव्या वर्षी ज्याने शिखर गाठले, त्याने सत्तरीच्या उंबरठ्यावर बसून व्यवहारी माणसांसाठी सोपी पाठ्ये तयार केली. माझ्या वयाच्या वाचकांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

घरात नववीचे मूल असेल तर त्याला चाल आणि वेग यांची व्याख्या म्हणायला लावण्याऐवजी एक करता येईल. १० जानेवारी २०२७ ते १ एप्रिल २०२७ हा मंगळाचा वक्री काळ आहे. फेब्रुवारीत तो सूर्याच्या समोर येतो, संध्याकाळी पूर्वेला उगवतो आणि रात्रभर दिसतो. सिंह राशीतली मघा ही ठळक तारका त्याच्या जवळपासच असते. वहीच्या पानावर मघा मांडावी आणि दर रविवारी तिच्या संदर्भात मंगळाची जागा टिंबाने दाखवावी. टिंबे आधी मघेच्या एका बाजूला पडतील, मग दुसऱ्या बाजूला सरकत जातील, मार्चअखेर जवळजवळ एका जागी गोळा होतील आणि एप्रिलात परत फिरतील. दोन टिंबांमधले अंतर पट्टीने मोजले की चाल मिळेल. मग मुलाला त्या प्रत्येक अंतरापुढे अधिक किंवा उणे चिन्ह लिहायला सांगावे.